केडगावची जमीन: 1897 मधल्या एका हुकुमाचं प्रकरण

मध्य प्रांतात दुष्काळ, पुण्यात प्लेग, आणि हाताशी घर जेमतेम साठ-पासष्ट मुली मावतील एवढं. 1897 च्या सुरुवातीला पंडिता रमाबाई दुष्काळी छावण्यांमधून मुली आणि तरुण विधवा घेऊन पुण्याकडे येत होत्या. तेवढ्यात अधिकाऱ्यांचा हुकूम आला: साथीच्या दिवसांत शहरात एवढी नवी माणसं ठेवता येणार नाहीत, त्यांना बाहेर हलवा. मुली तर निघालेल्या होत्या. त्यांना परत कुठे पाठवणार? ज्या गावांतून त्या आल्या होत्या, तिथे खायला दाणा नव्हता.

ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) नेतृत्वशिबिरांत हा प्रसंग बऱ्याचदा सांगितला जातो. अडचण आली, बाईंनी प्रार्थना केली, देवाने वाट काढली, केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. मग बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन (देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे) वाचायचं आणि चहाला उठायचं. यात खोटं काही नाही, पण गोष्ट अशी सांगितली की ती पाच मिनिटांत संपते आणि बाईंनी नेमकं काय केलं हे कळतच नाही. म्हणून हे प्रकरण जरा मागून सुरू करतो. त्या हुकुमाला रमाबाई जे उत्तर देऊ शकल्या, त्याची तयारी आधीच्या दोन अडचणींतून झाली होती, आणि त्यांतल्या एकीत त्या चक्क हरल्या होत्या.

आधीचा हिशेब

अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी 1858 ची. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतलेलं हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. सत्तरच्या दशकातल्या दक्षिणेतल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. झाडपाला आणि रानफळं खाऊन दिवस काढल्याचं त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी हिंडत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि 1882 मध्ये कॉलऱ्याने तेही गेले. तेविसाव्या वर्षी विधवा, पदरात लहानगी मनोरमा.

इंग्लंडला त्या 1883 मध्ये गेल्या त्या डॉक्टर व्हायला. ते जमलं नाही, कारण कानांनी नीट ऐकू येत नव्हतं. वैद्यकीचा रस्ता तिथेच बंद झाला आणि त्या शिक्षणाकडे वळल्या. त्याच वर्षी वाँटेज इथल्या भगिनींच्या आश्रमात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवलं. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे बालशिक्षणाची नवी पद्धत शिकून घेतली. बॉस्टनमध्ये 1887 साली ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झालं. उच्चवर्णीय बालविधवांसाठी शाळा चालवायला दहा वर्षं पैसे देऊ, असं या मंडळींनी कबूल केलं. अट एकच होती: शाळेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. तिथे जातीचे नियम पाळले जात, ब्राह्मण मुलींना आपल्या रीतीने राहता येई. पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. 1893 मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. महाराष्ट्र तिला पुढे आनंदीबाई कर्वे आणि बाया म्हणून ओळखू लागला.

पहिली अडचण, जिच्यात हार झाली

त्याच 1893 मध्ये गाडं अडलं. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत, तेव्हा दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘बोलावलं नाही, अडवलंही नाही’ अशी बाईंची भूमिका. अटीच्या अक्षरात ती बसतही होती. पण ज्यांनी आपल्या विधवा मुली विश्वासाने सोपवल्या होत्या, त्यांना आपण फसलो असं वाटलं. केसरीने झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंच्या बाजूने लिहिणारे हा भाग छळाची कथा म्हणून लिहितात, विरोधक कपटाची कथा म्हणून. मला दोन्ही पटत नाही. संस्थेचा पायाच दोन अर्थांनी वाचता येण्यासारखा होता. अमेरिकन देणगीदारांना ‘तटस्थ’ म्हणजे सक्ती नको एवढंच अभिप्रेत होतं. पुण्याच्या पालकांना ‘तटस्थ’ म्हणजे ख्रिस्ताचं नावही कानावर पडायला नको असं वाटत होतं. चार वर्षं दोन्ही अर्थ एका छपराखाली नांदले आणि मग फुटले. दार उघडं ठेवणाऱ्या माणसाने उंबऱ्यापलीकडे काय आहे हे आधी सांगायला हवं होतं, असं म्हणणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

तीन वर्षांनी, 1896 मध्ये, कर्व्यांनी विधवांसाठी आपलं काम सुरू केलं. त्यावर हिंदू समाजाला विश्वास ठेवता आला. घरात बाया होत्या, शारदा सदनात शिकलेल्या. रमाबाईंवरचा विश्वास उडाला, पण त्यांनी पेरलेलं वाया गेलं नाही. हे श्रेय त्यांच्या खात्यावर कोणी फारसं मांडत नाही.

दुसरी अडचण आणि एक जमीन

दुसरी अडचण साधी पैशांची होती. दहा वर्षांची अमेरिकन हमी 1898 मध्ये संपणार होती. पुढे काय? रमाबाईंनी पुण्याहून 50-60 किलोमीटरवर, दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, केडगाव स्टेशनजवळ सुमारे 100 एकर जमीन घेतली होती. विहीर खणायची, फळझाडं लावायची, उत्पन्नावर शाळा चालवायची, असा बेत. भीमाकाठचा तालुका असला तरी हा पट्टा अवर्षणाचा. अशा ठिकाणी फळबाग म्हणजे आधी पाण्याची सोय, आणि तिच्यावरच खर्च झाला.

त्या काळात त्या जॉर्ज म्युलर आणि चीनमधले मिशनरी हडसन टेलर यांची चरित्रं वाचत होत्या. ब्रिस्टलची अनाथालयं चालवणारे म्युलर कोणाकडे पैसे मागत नसत, गरज देवाला सांगत. रमाबाईंना या वाटेची ओढ लागली. मात्र त्याच हातांनी त्या जमीनही खरेदी करत होत्या. भक्तीच्या चरित्रांत एक बाजू ठळक होते आणि व्यवस्थापनाच्या वर्गात दुसरी, म्हणून ही जोडी इथे मुद्दाम शेजारी ठेवतो. देव पुरवील म्हणणारी बाई 1898 चा हिशेब 1898 उजाडायच्या आधीच मांडत होती.

आणखी एक गोष्ट, त्यांनीच सांगितलेली. 1896 मध्ये लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती मेळाव्याला त्या आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. या सगळ्या मुलींनी ख्रिस्ताचा स्वीकार केला होता. तिथे त्यांनी प्रार्थना केली की या पंधरांचा वर्ग कर. म्हणजे 225. तेव्हा शाळेत साधारण पन्नास मुली होत्या आणि जागा होती ती पासष्टच्या आत. प्रार्थना गणिताच्या भाषेत, आणि गणित जागेत न बसणारं.

दुष्काळ, मग प्लेग

1896 चा पाऊस मोठ्या मुलखात दगा देऊन गेला. मध्य प्रांतातल्या बातम्या पुण्यात येऊ लागल्या. रमाबाईंना हा दुष्काळ वर्तमानपत्रातून कळायची गरज नव्हती, वीस वर्षांपूर्वीची भूक अंगात होती. त्या स्वतः तिकडे गेल्या, छावण्या आणि दरिद्रगृहं पाहिली. तिथे जे दिसलं ते भुकेपेक्षा भयंकर होतं. निराधार पोरींवर नजर ठेवून असलेली माणसं छावण्यांभोवती घिरट्या घालत होती, आणि छावणीच्या आतही त्या सुरक्षित नव्हत्या. मूठभर धान्यासाठी मुली विकल्या जात होत्या. रमाबाईंनी मुली गोळा करायला सुरुवात केली. आकडा तीनशेच्या आसपास गेला.

पुण्यात तेव्हा काय चाललं होतं ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगांचा कायदा झाला, मार्चपासून रँडसाहेबाच्या समितीने घरोघर झडत्या सुरू केल्या, 22 जूनच्या रात्री चापेकरांच्या गोळ्या सुटल्या. अशा शहरात दूरच्या मुलखातून आलेल्या शेकडो अशक्त, आजारी मुली म्हणजे अधिकाऱ्यांच्या दृष्टीने धोकाच होता. आणि या एका बाबतीत अधिकारी अगदीच चुकीचे नव्हते. गर्दीच्या घरात साथ शिरली असती तर तीनशेंतल्या किती उरल्या असत्या? हुकूम जाचक होता तरी त्यामागचं कारण खरं होतं. अडचणीत नेमकं खरं काय आहे हे ओळखता आलं नाही, तर माणूस नुसता तिच्याशी भांडत बसतो. रमाबाई या हुकुमाशी भांडल्या नाहीत.

जिथे भांडायचं तिथे मात्र भांडल्या. त्यांच्या एका मुलीला प्लेगच्या इस्पितळात नेलं होतं. तिच्या बाबतीत जे घडलं त्यावरून त्यांनी मे 1897 मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्राला खरमरीत पत्र लिहिलं आणि स्त्रियांच्या अब्रूची तिथे काळजी घेतली जात नाही असा जाहीर आरोप केला. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. सरकारच्या मेहरबानीवर जमीन, वाहतूक, परवानगी असं सगळं अवलंबून असताना लिहिलेलं हे पत्र आहे. ‘लवचीक नेतृत्व’ म्हटलं की वाऱ्यासारखं वाकणं असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. ही बाई एका हुकुमापुढे वाकली आणि त्याच सरकारवर दुसऱ्या महिन्यात तुटून पडली.

निर्णय

तेव्हा त्यांच्यापुढे वाटा किती होत्या? शारदा सदनात मावतील तेवढ्या मुली ठेवून बाकीच्या दुसऱ्या मिशनांकडे सोपवणं, हा सर्वांत सोपा मार्ग. थांबणं, हा दुसरा. आणि तिसरा, सगळं लटांबर घेऊन केडगावच्या माळावर जाणं, जिथे राहायला घर नव्हतं.

त्या केडगावला गेल्या. तंबू, गवताची छपरं, झाडांची सावली. उन्हाळा तोंडावर. ज्या मुलींना धड चालता येत नव्हतं, अंगावर फोड होते, ज्या अन्न दिसलं की लपवून ठेवत, त्यांना माळरानावर सांभाळायचं. फळबागेच्या उत्पन्नासाठी घेतलेली जमीन माणसं ठेवायच्या कामी आली. विहिरींचं पाणी झाडांच्या आधी मुलींना गेलं. 1898 च्या पैशांची अडचण सोडवायला केलेली खरेदी 1897 च्या प्लेगच्या अडचणीचं उत्तर ठरली. श्रद्धावान याला मार्गदर्शन म्हणेल, हिशेबी माणूस योगायोग म्हणेल. दोघांनाही एक गोष्ट मान्य करावी लागेल: ती जमीन तिथे नसती तर नुसत्या उमेदीवर तीनशे मुली झोपल्या नसत्या.

पण जागा बदलणं हा निर्णयाचा लहान भाग. मोठा भाग असा की या मुली शारदा सदनाच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हत्या. ते घर उच्चवर्णीय विधवांसाठी. या होत्या सगळ्या जातींच्या, काही विधवा, काही अनाथ, काही लग्न झालेल्या आणि टाकलेल्या. अमेरिकन पैसा त्यांच्यासाठी नव्हता. इथे दोन मोह होते. सदनाची व्याख्या गुपचूप ताणायची, बॉस्टनला वर्षअखेर कळवायचं, हा पहिला. व्याख्येत बसत नाहीत म्हणून मुलींना नाकारायचं, हा दुसरा. रमाबाईंनी वेगळी संस्था मानली. शारदा सदन आपल्या जुन्या अटीवर राहील, केडगावची ‘मुक्ती’ उघडपणे ख्रिस्ती असेल, आणि तिचा खर्च देव देईल त्यातून होईल.

माझ्या वाचनात या प्रकरणाचं मर्म इथे आहे. 1893 मध्ये एकाच पाटीचे दोन अर्थ निघाले होते. 1897 मध्ये त्यांनी दोन पाट्या लावल्या. हरलेल्या लढाईतून त्यांनी उचललं ते हे, आणि हुकूम आला नसता तर हा धडा वापरायची वेळ कदाचित आली नसती. पुण्यात राहून, त्याच इमारतीत, त्याच सल्लागारांच्या सावलीत संस्था दुभंगणं फार अवघड गेलं असतं. शहराबाहेर काढलं म्हणून त्या एकाच वेळी पुण्याच्या नजरेतून आणि बॉस्टनच्या चौकटीतून सुटल्या.

1898 मध्ये त्या अमेरिकेला जाऊन आल्या. जुन्या असोसिएशनच्या जागी नवं ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ आलं. त्यांच्या गैरहजेरीत केडगाव सांभाळायला मिनी एब्रॅम्स या अमेरिकन मिशनरी बाई होत्या. त्याच वर्षी मुक्ती सदन रीतसर सुरू झालं.

दोन वर्षांनी पुन्हा तेच, सहापट

1899-1900 मध्ये गुजरात आणि राजपुतान्यात दुष्काळ पडला. विक्रम संवत 1956 म्हणून ‘छप्पनियो’ या नावाने तो तिकडे अजून लक्षात आहे. आता केडगावहून माणसं गुजरातेत पाठवली गेली. मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात पोचली. भाषा बदलली, गुजराती शिकवणाऱ्या बायका लागल्या.

एवढा कारभार दोन वर्षांपूर्वीच्या माळावर कसा पेलला? आधी आलेल्या मुली आता मोठ्या झाल्या होत्या. त्यांच्या हाताखाली लहानांचे गट दिले. बाहेरून दाया, मेट्रन, स्वयंपाकिणी आणायला ना पैसा होता ना माणसं, म्हणून वाचवलेल्यांनीच वाचवायला घेतलं. पुस्तकी शिक्षण सगळ्यांना झेपणारं नव्हतं, तेव्हा हातमाग, तेलघाणा, गोठा, शेती, शिवण, धुलाई, छापखाना असे उद्योग उभे राहिले. दुरवस्थेतून आलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध आणि अपंगांसाठी प्रीती सदन, आंधळ्यांसाठी बर्तीमी सदन. बायबलमधल्या यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाचं ते नाव. अंध मुलींना ब्रेल शिकवली जाई. नवी गरज दाराशी आली की नवं सदन, असा हा क्रम आहे. संस्थेचा नकाशा आधी काढून मग माणसं भरली असं कुठेच दिसत नाही. शारदा सदनही पुढे केडगावलाच आलं.

जे सुखाचं नाही

आता बोचणारा भाग. दुष्काळ ही रमाबाईंच्या कामाला संधी ठरली असेल, त्या मुलींना तो दुष्काळच होता. आणलेल्यांतल्या सगळ्या जगल्या नाहीत. खूप उशिरा पोचलेलं अन्न शरीराला पेलत नाही. शिवाय जिला जेवण, छप्पर आणि माया एकाच हाताकडून मिळते, तिचा त्या हाताच्या धर्माकडे जाण्याचा निर्णय कितपत मोकळा मानायचा? 1905 मध्ये मुक्तीत मोठं धार्मिक जागरण झालं, प्रार्थनेचे लोंढे आले, बाप्तिस्मे झाले, जगभरच्या ख्रिस्ती पत्रांत त्याची वर्णनं छापून आली. ख्रिस्ती वाचकाला तो आत्म्याचा वर्षाव दिसतो. भुकेने आणलेल्या मुलींचा प्रश्न त्याने मिटत नाही. मी स्वतः याचं एवढंच उत्तर देऊ शकतो की पाटी उघड होती, आणि छावणीबाहेर वाट पाहणाऱ्या माणसांशी तुलना केली तर पारडं कुठे झुकतं ते स्पष्ट आहे. हे पूर्ण उत्तर नव्हे.

किंमत आणखी एक मोजावी लागली. शहर सुटलं तसा पुण्याच्या सुधारकांशी असलेला संवादही विरळ झाला. शिक्षणाविषयीच्या हंटर कमिशनपुढे 1882 मध्ये साक्ष देणारी, आर्य महिला समाज काढणारी बाई महाराष्ट्राच्या चर्चेतून हळूहळू बाहेर गेली. केडगावच्या कुंपणात त्यांचं राज्य होतं आणि कुंपणाबाहेर त्यांचं नाव घेणं अनेकांनी सोडलं.

शब्दांची अडचण

केडगावच्या बायकांपुढे मराठी बायबल ठेवलं तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. उपलब्ध भाषांतराची भाषा संस्कृताने जड होती. नुकतीच अक्षरओळख झालेल्या कुणब्याच्या, मजुराच्या पोरीला ती पचेना. गंमत अशी की ही तक्रार करणारी बाई स्वतः संस्कृतची पंडिता. शारदा सदनाच्या ब्राह्मण मुलींपुरतं काम राहिलं असतं तर हा प्रश्न तिला बहुधा दिसलाच नसता. दुष्काळाने आणलेल्या मुलींनी तो दाखवला.

पन्नाशीच्या आसपास, कमी ऐकू येणाऱ्या कानांनी, रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत सगळं बायबल उतरवायला बसल्या. छपाईची अक्षरं म्हणजे खिळे जुळवणं, छपाई, बांधणी हे सगळं मुक्तीच्या छापखान्यात मुक्तीच्या बायकांनी केलं. काम पंधरा-सोळा वर्षं चाललं. 1921 मध्ये मनोरमा गेली, ज्या मुलीच्या हाती संस्था सोपवायची होती ती. तरीही मुद्रितं तपासणं थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, तेव्हा शेवटची मुद्रितं तपासून झालेली होती. पुस्तक बांधून बाहेर पडायला मात्र पुढची दोन वर्षं लागली.